औषध मोजून द्या, अंदाजाने नको

डॉक्टर चिठ्ठीवर ‘५ मि.ली.’ लिहितात. घरी येईपर्यंत त्याचा ‘एक चमचा’ होतो. पण चमचा प्रत्येक घरात वेगळा. साधा चहाचा चमचा एका घरात ३ मि.ली.चा निघतो, तर शेजारच्या घरात ७ मि.ली.चा. मोठ्या माणसाचे त्यात फारसे बिघडत नाही. आठ-दहा किलोच्या लेकराला मात्र हा फरक भारी पडू शकतो.

‘आमचा चमचा ठरलेला आहे, रोज तोच वापरतो,’ असे बऱ्याच बाया सांगतात. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. दर वेळी सारखे माप येणे ही एक गोष्ट आणि ते माप बरोबर असणे ही दुसरी. ७ मि.ली.चा चमचा रोज सारखा भरला, तर रोज सारखेच २ मि.ली. जास्त जातील. प्रयोगशाळेत बीकरवर आकडे असतात, पण ते अंदाजापुरते. नेमके मोजायला अरुंद मापनळी किंवा पिपेट घेतात. रुंद भांड्यात पातळी जराशी चुकली तरी बरेच पाणी कमी-जास्त होते, अरुंद नळीत थोडेच होते. म्हणूनच बाळाचे औषध मोजायला सुई नसलेली ५ मि.ली.ची सिरिंज चांगली. ती कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते.

तापाचे पॅरासिटामॉल घ्या. बाळाला एका वेळी वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. लागते. म्हणजे १० किलोच्या बाळाला १०० ते १५० मि.ग्रॅ. आता बाटली बघा. एका सिरपमध्ये ५ मि.ली.त १२५ मि.ग्रॅ. असते, दुसऱ्यात ५ मि.ली.त २५०. थेंबांच्या बाटलीत तर बहुधा १ मि.ली.तच १०० मि.ग्रॅ. असते. थेंबांचे औषध सिरप समजून ५ मि.ली. पाजले तर ५०० मि.ग्रॅ. पोटात जाईल. असे जास्तीचे डोस यकृताला इजा करतात. म्हणून बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा आणि किती मि.ली. द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. बाळाचे वजन अंगणवाडीत करून घ्या.

मोजताना
- बाटली आधी नीट हलवा.
- सिरिंजमध्ये बुडबुडा आला तर टोक वर धरून टिचकी मारा, हवा बाहेर काढा, मग माप बघा. दट्ट्याच्या रबराची जी कड औषधाला टेकते, तिच्यासमोरचा आकडा वाचा.
- मापाचे टोपण सपाट जागी ठेवा आणि डोळे त्याच्या पातळीला आणा. द्रवाच्या कडा वर चढलेल्या दिसतात. मधला खालचा भाग रेघेवर हवा. टोपण हातात धरून वरून पाहिले तर माप चुकते.
- बाळाला बसते धरून औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. सिरिंजची छोटी टोपी आधीच दूर ठेवा, ती घशात अडकू शकते.

पावडरची बाटली
अँटिबायोटिकची पावडर घरी कालवायची असते. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडे खाली घाला आणि हलवा. फेस बसला की खुणेपर्यंत भरा. पाणी जास्त झाले तर प्रत्येक डोसमध्ये औषध कमी जाते आणि आजार पुरता हटत नाही.

ओआरएस
२०.५ ग्रॅमचे मोठे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असते. छोटी पाकिटे २०० मि.ली.साठीही मिळतात, म्हणून पाकिटावर वाचा. पाणी कमी पडले तर क्षार जास्त होऊन बाळाला अपाय होतो. पाणी जास्त झाले तर गुण कमी येतो. तांब्या किती लिटरचा हे माहीत नसेल तर किराणा दुकानातल्या काट्यावर तपासा : रिकाम्या आणि भरलेल्या तांब्याच्या वजनातला फरक १ किलो आला, की पाणी १ लिटर. कालवलेले ओआरएस २४ तासांनी टाकून द्या.

इन्सुलिन
आपल्याकडच्या बऱ्याच इन्सुलिन बाटल्यांत १ मि.ली.ला ४० युनिट असतात. त्यांना ४० ची सिरिंज लागते. १०० च्या सिरिंजने ४० च्या खुणेपर्यंत भरले तर फक्त १६ युनिट जातात आणि साखर वाढत राहते. उलट झाले, म्हणजे १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतले, तर अडीचपट जाते आणि साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाटली आणि सिरिंज, दोन्हींवरचा आकडा एकच हवा.

आज घरातला औषधाचा चमचा घ्या आणि सिरिंजने त्यात पाणी भरून बघा, किती मि.ली. मावते. मग पुढचा डोस कशाने द्यायचा ते तुम्हीच ठरवाल.