अवयव पाडा पाहू!

८६३३ चे मूळ अवयव कोणते? लसावि-मसावि शिकताना घोटलेली रीत येथेही चालते. २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनी ओळीने भाग देत जायचे. वर्गमुळापर्यंत, म्हणजे ९२ पर्यंत गेले की पुरे. कारण दोन्ही अवयव वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत. ३६० अशी झटकन सुटते : २×२×२×३×३×५. ८६३३ मात्र दाद देत नाही. २३ मूळ संख्यांनी भाग जात नाही, चोविसाव्या म्हणजे ८९ ने जातो. उत्तर : ८९×९७.

उलट, ८९ ला ९७ ने गुणायला मिनिटही लागत नाही. गुणाकार सोपा, अवयव पाडणे जिकिरीचे. या फरकावरच १९७७ मध्ये ‘एमआयटी’तील रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर आणि लिओनार्ड अ‍ॅडलमन यांनी ‘आरएसए’ ही गुप्तलेखनाची पद्धत उभी केली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा, अवयव गुपित ठेवायचे. गुणाकार वापरून कोणीही संदेश कुलूपबंद करू शकतो. तो उघडायचा तर अवयव माहीत हवेत. इंटरनेटवरील सुरक्षित व्यवहारांत ही पद्धत आजही वापरली जाते.

त्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १२९ अंकी संख्येचे आव्हान छापून आले. बक्षीस १०० डॉलर. ती फोडायला लाखो वर्षे लागतील, असा अंदाज होता. ती १९९४ मध्ये फुटली! सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून काम वाटून घेतले आणि आठ महिन्यांत ६४ व ६५ अंकी अवयव हाती आले.

संगणक वेगवान झाले होतेच, पण रीतही बदलली होती. ८६३३ कडेच पुन्हा पाहू. ९३ चा वर्ग ८६४९. त्यातून ८६३३ वजा केले की उरतात १६, म्हणजे ४ चा वर्ग. मग शाळेतल्या सूत्रानुसार ८६३३ = (९३−४)×(९३+४). चोवीस भागाकारांचे काम एका वजाबाकीत झाले! अवयव एकमेकांच्या जवळ असल्याने हे इतके सहज जमले. १२९ अंकी संख्येसाठी वर्गांच्या याच कल्पनेचा बराच विस्तार करावा लागला.

खरी मेख इथेच आहे. अवयव पाडण्याची सोपी रीत अस्तित्वातच नाही, हे कोणीही सिद्ध केलेले नाही. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. सध्या साधारणपणे ६१७ अंकी संख्या वापरतात. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच क्वांटम संगणकासाठी वेगवान रीत मांडली आहे. एवढ्या मोठ्या संख्या फोडणारा क्वांटम संगणक अजून तयार झालेला नाही. मात्र वैद्यकीय अहवालांसारखी माहिती अनेक वर्षे गुप्त राहावी लागते, आणि आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उघडता येईल. म्हणूनच अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर विसंबून नसलेल्या गुप्तलेखनाची नवी मानके जाहीर केली.