जिराफाची मान, आपली मान… मणके सेम टू सेम!

दुपारचे चार. एक्सेल शीट संपत नाहीये, मान आखडलीये आणि हात आपसूक मानेमागे गेलाय. गेला ना? त्या मानेत मणके आहेत 7. पॅन्ट्रीत फिरणाऱ्या उंदराच्या मानेतही 7. आणि जिराफाच्या सहा फुटी मानेत? तिथेही 7च, बॉस! फक्त एकेक मणका लांबलचक. हंसाच्या मानेत वीसच्या वर असतात, मग सस्तन प्राण्यांचाच हा हट्ट का?

हा फंडा कळायला आधी होमिओबॉक्सला भेटू. हा डीएनएमधला 180 अक्षरांचा तुकडा. 1984 साली तो आधी फळमाशीत सापडला आणि लगेच माणसातही. त्यातून प्रोटीनचा जो भाग बनतो, तो डीएनएला चिकटून दुसऱ्या जीन्सना ऑन-ऑफ करतो. थोडक्यात मुकादम. स्वतः वीट उचलत नाही, पण भिंत कुठे हवी ते सांगतो.

यातलं सगळ्यात फेमस खानदान म्हणजे हॉक्स. माशीत हे 8, आपल्यात आणि उंदरात 39, चार क्रोमोसोमवर चार गटांत. आपल्या फार जुन्या पूर्वजांत अख्खा जीनोमच दोनदा कॉपी-पेस्ट झाला, त्याचा हा परिणाम. (काही कॉपीज नंतर गळाल्या.) सॉलिड गोष्ट म्हणजे क्रोमोसोमवर ते ज्या क्रमाने बसलेत, साधारण त्याच क्रमाने डोक्याकडून शेपटीकडे ड्यूटी करतात. 2003 मध्ये डेनीन वेलिक आणि मारिओ कापेकी यांनी उंदरातले हॉक्स-10 गटाचे तिन्ही जीन्स बंद पाडले. तर कमरेच्या मणक्यांनाही फासळ्या फुटल्या! म्हणजे 'इथे फासळी नको' हे सांगणारं कुणी उरलंच नव्हतं.

असाच घोळ मानेतही होतो. माझ्या एका मैत्रिणीच्या हाताला सारख्या मुंग्या यायच्या. सहा महिने तिने माउसला शिव्या घातल्या. शेवटी एक्स-रे काढला, तर सातव्या मणक्याला चक्क जादा फासळी. सर्व्हायकल रिब. शंभरात एकापेक्षाही कमी मोठ्या माणसांत ती असते, आणि बहुतेकांना पत्ताही नसतो.

पण गर्भातच दगावलेल्या बाळांमध्ये ती कितीतरी जास्त दिसते. नेदरलँड्सच्या फ्रीट्सन गालिस यांचं म्हणणं असं, की फासळी स्वतः जीव घेत नाही. गर्भात मणके ठरतात तेव्हाच इतर अवयवही आकार घेत असतात आणि हॉक्स जीन्स तिथेही कामाला असतात. गडबड झाली की एकट्या मानेत होत नाही. म्हणून आकडा बदललेले जीव बहुतेक वेळा पुढे टिकतच नाहीत.

अपवाद? मॅनाटीला 6 आणि तीन बोटांच्या स्लॉथला 8-9. दोघंही जाम संथ, आणि गालिस यांच्या मते हा संथपणाच त्यांना वाचवत असावा.

मैत्रिणीने आता फिजिओ सुरू केलीये. माउस मात्र बदलायचा तो तिने बदललाच.