पंपाची झडप : दुरुस्त करावी कीं बदलावी?

शिरपूर जैन येथील काळ्या जमिनींत ज्याच्या गव्हाचें ओलीत विहिरीवरील पंपावर अवलंबून आहे, त्या बागाइतदारानें पंपाइतकीच त्याच्या झडपांची काळजी वाहिली पाहिजे. गव्हास पेरणीनंतर सुमारें १८ ते २१ दिवसांनीं, म्हणजे मुकुटमुळें फुटण्याच्या वेळीं, पाणी मिळालें नाहीं तर फुटवे कमी होतात व ती हानि पुढील पाळ्यांनीं भरून निघत नाहीं. शेतीस वीज ठरावीक तासच मिळते. त्यांतील एक तास पंप पुन्हां पुन्हां पाण्यानें भरण्यांतच गेला, तर नुकसान झडपेच्या किंमतीहून कितीतरी अधिक होतें.

प्रथम दोष कोठें आहे तें निश्चित करावें. शोषनळाच्या बुडाशीं असणारा फुटव्हॉल्व्ह, ज्यास खेड्यापाड्यांत ‘फुटबॉल’ म्हणतात, तो पाणी धरून ठेवीत नसला म्हणजे पंप रिकामा होतो. परंतु प्रत्येक वेळीं दोष त्याचाच असतो असें नाहीं. पंप थांबवून तो तोंडापर्यंत पाण्यानें भरावा व वरचें तोंड उघडें ठेवावें. सांध्यांतून पाणी ठिबकूं लागलें तर दोष सांध्याचा जाणावा. बाहेर कोठेंही थेंब नसून पाण्याची पातळी मात्र उतरत असेल, तर झडप गळते असें समजावें.

झडप बाहेर काढल्यावर तिचे भाग निरनिराळे तपासावेत. रबराची अथवा चामड्याची चकती, ग्लँडमधील दोरी व पॅकिंग हे झिजण्यासाठींच असलेले भाग होत. ते दुरुस्त करीत बसूं नये, सरळ बदलावेत. कडक झालेली किंवा चिरलेली चकती उलटी करून बसविण्याची काटकसर महागांत पडते.

चकती जिच्यावर टेकते ती बैठक हा मात्र बहुधा दुरुस्तीयोग्य भाग होय. तीवरील रेघेंत नख अडकत नसेल, तर बारीक पॉलिश कागदानें ती साफ करावी. पितळी चकती पितळी बैठकीवर टेकत असेल, तर दोहोंमध्यें ग्राइंडिंग पेस्ट लावून चकती मागेंपुढें फिरवावी, आणि सर्व बाजूंनीं अखंड व सारखी कडी उमटेपर्यंत घासावें. नंतर पेस्ट पूर्ण धुऊन काढावी. रेघेंत नख अडकत असेल, तर लेथवर पातळ थर काढून घ्यावा. खड्डे त्याहूनही खोल असतील, तर बैठक निराळी मिळत असल्यास ती बदलावी, न मिळाल्यास संपूर्ण झडप बदलावी.

गेट व्हॉल्व्हचा दांडा वांकला किंवा त्याचे आटे झिजले, तर दांडा बदलणेंच बरें. कवच बिडाचें असून त्यास चीर गेली असेल, तर साधें वेल्डिंग करूं नये. निवतांना बीड सांध्याच्या कडेला कठीण व ठिसूळ होऊन पुन्हां तडकतें. आधीं तापवून व निकेलच्या कांडीनें हें काम साधतें खरें, पण लहान झडपेस तो खर्च परवडत नाहीं. सर्व हिशेब करतां दुरुस्तीचा खर्च नव्या झडपेच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर नवीच घ्यावी, हा स्थूल नियम समजावा.

भाग बदलण्यापूर्वीं तो कां बिघडला हें शोधलें नाहीं, तर नवाही तितक्याच दिवसांत जाईल. जाळी गाळांत रुतली असेल, तर वाळू चकतीखालीं अडकून बैठक कापते. गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून पाणी कमी केलें, तर त्याची पाचर वेगवान प्रवाहानें झिजते. तो पूर्ण उघडावा किंवा पूर्ण बंद करावा. वीज एकाएकीं गेली कीं, नळांतील पाणी मागें धांवून झडपेवर आपटतें. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनीं १८९८ मध्यें या आघाताचें गणित मांडलें. लोखंडी नळांतून सेकंदास १ मीटर वेगानें जाणारें पाणी एकदम थांबलें, तर सुमारें १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब क्षणभर उत्पन्न होतो. झडपेचा खिळा वरचेवर तुटत असेल, तर हें कारण ध्यानांत घ्यावें.

नवा फुटव्हॉल्व्ह घेतांना त्याच्या जाळीच्या छिद्रांचें एकूण क्षेत्र नळाच्या क्षेत्राच्या निदान दुप्पट असावें. अडथळा अधिक असला म्हणजे पंप पाणी कमी ओढतो व वीज व्यर्थ जाते. जुना सुटा भाग मापासाठीं दुकानीं बरोबर न्यावा.

शेवटीं इतकेंच कीं, चकती व पॅकिंग यांचा एकेक जादा संच दसऱ्यापूर्वींच घरांत आणून ठेवावा. पेरणी झाल्यावर त्याकरितां वाशीम-अकोल्याच्या खेपा घालणाऱ्याचें पीक त्याची वाट पाहत थांबत नाहीं.