मैत्रीपूर्ण सामन्यांचा हिशेब

14 ऑक्टोबर 2025 रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर भारत सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या एएफसी आशियाई चषकाची वाट बंद झाली. असा पराभव झाला की बोट हटकून मैत्रीपूर्ण सामन्यांकडे जातं. काहींना ते वेळेचा अपव्यय वाटतात. काही म्हणतात, सोप्या संघांशी खेळा, निदान क्रमवारी तरी सुधारेल. या सामन्यांची आखणी कशी होते याबद्दल आपल्याकडे इतके गैरसमज आहेत की महासंघाला नेमके प्रश्न विचारलेच जात नाहीत.

गैरसमज: मैत्रीपूर्ण सामन्यांचे निकाल कुठेच मोजले जात नाहीत.

मोजले जातात. ऑगस्ट 2018 पासून फिफाची क्रमवारी नव्या सूत्रावर चालते. प्रत्येक सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढला जातो आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून किती सरस किंवा कमी ठरला, त्यानुसार गुण वाढतात किंवा घटतात. या फरकाला सामन्याच्या महत्त्वाचा गुणक लागतो. विश्वचषकाच्या पात्रता सामन्याला 25, आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी फिफाने ठरवून दिलेल्या तारखांच्या विंडोतल्या मैत्रीपूर्ण सामन्याला 10 आणि विंडोबाहेरच्या सामन्याला 5. म्हणजे मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन कमी आहे, पण शून्य नाही.

गैरसमज: दुबळ्या संघांना हरवत राहिलं की क्रमवारी चढते.

समजा, विंडोतला सामना आहे आणि समोरचा संघ आपल्यापेक्षा 200 गुणांनी खाली आहे. जिंकलो तर साधारण 3.2 गुण मिळतात. बरोबरी झाली तर 1.8 गुण जातात आणि हरलो तर 6.8. आता समोरचा संघ 200 गुणांनी वर आहे असं धरा. आकडे तेच, चिन्हं उलटी: विजयाचे 6.8, बरोबरीचेसुद्धा 1.8 मिळतात आणि पराभवात जेमतेम 3.2 जातात. फरक 600 गुणांचा असेल, तर दुबळ्या संघावरच्या विजयातून पुरता एक गुणही हाती लागत नाही.

क्रमवारीला महत्त्व कशासाठी, तर सोडतीसाठी; तिथे क्रमवारीनुसार संघ वेगवेगळ्या पॉटमध्ये विभागले जातात. जुलै 2023 मध्ये भारत 99 व्या स्थानावर होता. त्याआधीच भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि बंगळूरूला दक्षिण आशियाई संघांची सॅफ स्पर्धा जिंकली होती. त्या जोरावर 2026 विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आशियातल्या दुसऱ्या पॉटमधली शेवटची जागा भारताला मिळाली आणि लेबनॉन तिसऱ्या पॉटमध्ये गेला. घरच्या मैदानावरच्या त्या विजयांनी सोडत सुसह्य केली, हे मान्य करायलाच हवं. पण पुढे कतार, कुवेत आणि अफगाणिस्तानच्या गटात भारत तिसरा आला. क्रमवारीने बरा गट मिळवून दिला, सामने जिंकून दिले नाहीत.

गैरसमज: हुशार संघ मैत्रीपूर्ण सामने टाळूनच क्रमवारी राखतात.

हे एकेकाळी खरं होतं. जुन्या सूत्रात सामन्यांच्या गुणांची सरासरी काढत. विजयाचे 3 गुण, गुणिले सामन्याचं महत्त्व, गुणिले प्रतिस्पर्ध्याचं बळ. मैत्रीपूर्ण सामन्याचा गुणक 1, पात्रता सामन्याचा 2.5. जगातल्या अव्वल संघाला मैत्रीपूर्ण सामन्यात हरवलं तरी 600 पेक्षा जास्त गुण मिळत नसत, पण विसाव्या क्रमांकाच्या संघाला पात्रता सामन्यात हरवलं तर 1300 च्या पुढे मिळत. वरच्या संघांसाठी मैत्रीपूर्ण सामना जिंकणं म्हणजे सरासरी खाली ओढणं होतं.

पोलंडने हे ओळखलं. नोव्हेंबर 2016 मध्ये स्लोव्हेनियाशी खेळल्यावर जवळपास वर्षभर त्यांनी एकही मैत्रीपूर्ण सामना घेतला नाही. ऑक्टोबर 2017 च्या क्रमवारीत ते सहावे होते, म्हणून 2018 विश्वचषकाच्या सोडतीत पहिल्या पॉटमध्ये बसले. आठवा स्पेन दुसऱ्यात गेला. मग रशियात सेनेगल आणि कोलंबियाकडून हरून पोलंड गटात तळाला राहिला.

त्याच सूत्राने खालच्या संघांना मात्र हात दिला. 3 सप्टेंबर 2016 ला अंधेरीत भारताने पोर्तो रिकोला 4-1 हरवलं. मुंबईत आंतरराष्ट्रीय सामना झाला तो 61 वर्षांनी. पोर्तो रिको 114 वा, भारत 152 वा. भारताची सरासरी मुळातच इतकी कमी होती की त्या विजयाने ती वर गेली. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या काळातली ती निवड मला आजही अचूक वाटते. आताच्या सूत्रात सरासरी नाही, त्यामुळे न खेळून कुणाचाही फायदा होत नाही.

गैरसमज: पैसे असले की कुणालाही, कधीही बोलावता येतं.

पैसा लागतोच. 2011 मध्ये मेसीच्या नेतृत्वाखाली अर्जेंटिना कोलकात्यात व्हेनेझुएलाशी खेळली, ती काही मैत्रीखातर नव्हे. पण विंडोबाहेर खेळाडू सोडण्याचं बंधन क्लबांवर नसतं. शिवाय 2018 मध्ये युएफा नेशन्स लीग सुरू झाली आणि युरोपीय संघांच्या बहुतेक मोकळ्या तारखा आपसातच संपल्या. आशियाई संघांना युरोपचा प्रतिस्पर्धी मिळणं तेव्हापासून अवघड झालं आहे.

सामने जुळवून देणाऱ्या मध्यस्थांवर विसंबण्याची जोखीमही मोठी आहे. सप्टेंबर 2010 मध्ये बहारीनने टोगोला 3-0 हरवलं आणि नंतर कळलं की मैदानात उतरलेला संघ टोगोचा नव्हताच. फेब्रुवारी 2011 मध्ये तुर्कीच्या अंताल्यात एकाच दिवशी दोन सामने झाले, सात गोल झाले आणि सातही पेनल्टीवर. फिफाने त्या सामन्यांच्या सहाही पंचांवर आजन्म बंदी घातली. सामना ठरवताना कुणाशी बोलणी चालली आहेत याची शहानिशा करणं हा आखणीचाच भाग आहे.

गैरसमज: तयारीचा सामना हरलो म्हणजे तयारी फसली.

मला सर्वात घातक वाटतो तो हा समज. 2022 चं वर्ष बघा. मार्चमध्ये भारत बहारीनकडून 1-2 आणि बेलारूसकडून 0-3 हरला. मेमध्ये दोह्यात जॉर्डनने 2-0 हरवलं. ओळीने तीन पराभव, आणि प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर टीकेचा भडिमार. मग जूनमध्ये कोलकात्यात कंबोडिया 2-0, अफगाणिस्तान 2-1, हाँगकाँग 4-0 असे तीन विजय मिळवून संघ आशियाई चषकाला पात्र ठरला.

याच्या उलट मार्च 2025 मध्ये शिलाँगला मालदीववर 3-0 असा विजय मिळाला, निवृत्तीतून परतलेल्या सुनील छेत्रीने गोलही केला, आणि सहाच दिवसांनी त्याच मैदानावर आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात बांगलादेशने 0-0 वर रोखलं. मालदीवविरुद्ध बचावफळीची परीक्षा झालीच नव्हती. तरीही बलाढ्य प्रतिस्पर्धी निवडला की काम झालं, असंही नाही. जून 2025 मध्ये थायलंडकडून 0-2 हरल्यावर सहा दिवसांनी पात्रता सामन्यात हाँगकाँगकडूनही 0-1 हार झाली. पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी जसा खेळतो तसा खेळणारा संघ आधी मिळाला, दोन सामन्यांमध्ये प्रशिक्षकाला पुरेसे दिवस मिळाले, आणि त्या दिवसांत चुका दुरुस्त झाल्या, तर पराभवही कामी येतो.

म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने वर्षभराच्या मैत्रीपूर्ण सामन्यांचं वेळापत्रक आधीच जाहीर करावं आणि प्रत्येक सामन्यापुढे तो पुढच्या कोणत्या लढतीसाठी आहे, हेही लिहावं. तशी मागणी आपण प्रेक्षकांनीच लावून धरायला हवी.