नायगावचे मोर आणि पाटोद्याची शेतं

बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात नायगाव मयूर अभयारण्य आहे. 1994 साली घोषित झालेलं, क्षेत्र साधारण 30 चौरस किलोमीटर. पण मोराला हद्द कुठे कळते? तो शेजारच्या शिवारात उतरतो, पेरलेलं बी आणि कोवळे कोंब टिपतो. कोरडवाहू शेतकऱ्याला दुबार पेरणी परवडत नाही, त्याचा राग खराच आहे. तोच मोर किडे-अळ्या आणि छोटे सापही खातो, हेही खरं.

माझ्या मते मोरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई सोपी आणि वेळेवर हवी. उन्हाळ्यात पाणवठे डोंगरातच भरलेले असावेत, म्हणजे मोरांना पाण्यासाठी शिवारात उतरावं लागणार नाही.

मित्रांनो, लांडोर पावसाळ्यात झुडपाखाली जमिनीवरच अंडी घालते. बांधावरची झुडपं सरसकट तोडू-जाळू नका!