एक तबकडी बिघडली तरी...

शंभर पानांची वही एकट्याने उतरवून काढायची म्हटली, तर हात दुखून येतो. चौघांनी पंचवीस-पंचवीस पाने वाटून घेतली, तर तेच काम चौपट लवकर होते. संगणकातही हीच युक्ती वापरतात.

संगणकाची माहिती चुंबकीय तबकडीवर साठवता येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८ सहस्रांश सेकंद लागतात. संगणकाच्या गणनवेगापुढे हा काळ फार मोठा! म्हणून माहितीचे तुकडे करून ते चार तबकड्यांवर वाटतात. चारही तबकड्या एकाच वेळी वाचल्या, की मोठी माहिती जवळजवळ चौपट वेगाने मिळते.

पण यात एक धोका आहे. समजा, वर्षभरात शंभरांपैकी २ तबकड्या बिघडतात. मग आपल्या चारांपैकी निदान एक तरी बिघडण्याची शक्यता शंभरात जवळजवळ ८ होते; आणि एक तुकडा गेला, की सारी माहिती निकामी!

यावर उपाय काय? प्रत्येक तबकडीची जोडप्रत ठेवता येईल, पण खर्च दुप्पट होईल. १९८८ साली अमेरिकेतील बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त तबकड्या एकत्र वापरण्याच्या निरनिराळ्या पद्धती एका निबंधात मांडल्या. या रचनेला 'रेड' म्हणतात. तिच्यातील एक युक्ती पाहा.

संगणकाची सारी माहिती ० आणि १ या दोनच अंकांत लिहिलेली असते. समजा, चार तबकड्यांवर एकाच जागी १, ०, १, १ हे अंक आहेत. यांत १ हा अंक तीनदा, म्हणजे विषम वेळा आला. म्हणून पाचव्या तबकडीवर १ लिहू. आता १ची संख्या चार, म्हणजे सम झाली. तिसरी तबकडी बिघडली, तर १, ०, १ आणि पाचवीवरचा १ उरतात. १ची संख्या तीन, म्हणजे विषम! तेव्हा हरवलेला अंक १च असला पाहिजे. दुसरी तबकडी बिघडली असती, तर? कागदावर करून पाहा.

मात्र एकदम दोन तबकड्या बिघडल्या, तर ही युक्ती चालत नाही. शिवाय तुम्ही स्वतःच चुकून पुसलेली माहितीही ती परत देत नाही. म्हणून महत्त्वाच्या माहितीची एक प्रत वेगळ्या जागी ठेवायला मात्र विसरू नका!