पाच रुपयांचे गिऱ्हाईक

आमच्या झाडीपट्टीत किराणा मागण्याची एक रीत आहे. गडचिरोलीचा आठवडी बाजार असो की चंद्रपुरातले गल्लीतले दुकान, मजुरीवरून परतणारी बाई वजन सांगत नाही. "दहाची साखर, पाचची चायपत्ती" म्हणते. पैसा ठरलेला, माल त्यात मावेल तेवढा.

कंपन्यांनी हे नेमके हेरले. पार्ले-जीचा छोटा पुडा १९९४ साली ४ रुपयांना १०० ग्रॅमचा होता. पाव शतक किंमत जागची हलली नाही, पुढे ५ रुपये झाली. पुडा मात्र उतरत उतरत ५५ ग्रॅमवर आला. म्हणजे किलोला ४० चे ९१ रुपये झाले. गहू-साखरही महागली, हे कबूल. पण बँकेत व्याज मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा आकडा दिसतो. पोराच्या हाती पुडा देणाऱ्या आईला नाणेच दिसते.

चहा-बिस्किटांच्या पुड्यांची ठरावीक वजने २०२२ मध्ये कायद्यातून गेली. त्याबदल्यात एककाचा भाव छापणे आले. गंमत अशी की किलोहून कमी मालाला तो ग्रॅमचा, जास्त मालाला किलोचा! छोट्या पुड्यावर ९ पैसे, मोठ्या पिशवीवर रुपये. शेल्फसमोर चष्मा सावरत कोण ताडून पाहणार? त्यापेक्षा खोडलेली एमआरपी वाचणे सोपे.

तांदळाची गोष्ट याहून बोचते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत निवडून काढलेले एचएमटी वाण आता चकचकीत पिशवीतून सुपरमार्केटात विकले जाते. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पिशवीबंद तांदळावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. पण तिथे बहुतेक माल पिशवीतच. आणि गरिबाची कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, त्या रांगेत शोधून पाहा. कनकीला आता इथेनॉलवालेही गिऱ्हाईक आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने तिची निर्यात थांबवली, ती २०२५ मध्ये पुन्हा खुली केली.

रेशनचा तांदूळ २०२३ पासून फुकट मिळतो, म्हणून चूल पेटते. पण महिनाअखेरीला तो संपला की आंबील-पेजेसाठी कनकीच लागते. राईस मिलवर ती अजून सुटी मिळते. तिथे जायला मात्र आधी एसटीचे तिकीट काढावे लागते.